एक्केचाळीस नंबरचा धावडा

मांजरसुंब्याच्या फाट्यावर मन्मथप्पांचं किराणा दुकान आहे. मीठ-मिरचीपासून गुरांच्या दाव्यापर्यंत सगळं तिथं मिळतं, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल अशी सगळी मांडणी त्यांनी तरुणपणीच करून ठेवलेली. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती झाली की अप्पा गादीवर बसायचे ते जेवायलाच उठायचे. पोट सुटलं, साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अप्पा चालले ते घर ते दुकान, एवढंच. दुकानामागं बालाघाटाचा डोंगर होता. सगळा जन्म त्याच्या पायथ्याशी गेला, पण अप्पा वर कधी चढले नव्हते. "तिथं काय ठिवलंय?" म्हणायचे.

दोन वर्षांमागं चैत्रात त्या डोंगराला आग लागली. कुणाची विडी पडली की कुणी गवताला काडी लावली, ते कळलं नाही. कुसळीचं गवत वाळून कडकडीत झालेलं, त्यात वारा. सगळी उतरण काळी झाली. महिनाभर दुकानातल्या साखरेच्या पोत्यावरसुद्धा राख बसायची.

अप्पांची एकुलती एक लेक शिवानी तेव्हा संभाजीनगरला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होती, पीएचडीसाठी विषय शोधत होती. तिच्या सायली मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरामागचाच डोंगर घे की. जळालेलं जंगल आपलं आपण परत कसं येतं, ते बघ." काम हंगामाचं होतं. पाऊस सरल्यावर, मग थंडीत, मग उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरावर जायचं, आखून ठेवलेल्या चौकोनातलं एकेक रोप मोजायचं, वाढलं की वाळलं ते टिपायचं.

घरात पेच पडला. शिवानीची आई गंगासागर म्हणाली, "एकटी पोरगी त्या डोंगरात? मी न्हाई पाठवायची." शिवानी म्हणाली, मी जाणारच. शेवटी दोघींनी अप्पांकडं बघितलं. आठ दिवसांचा प्रश्न आहे म्हणून अप्पांनी दुकान पुतण्यावर सोपवलं, पायात लेकीनं आणलेले बूट घातले आणि चढाला लागले.

पहिल्या दिवशी चार ठिकाणी बसले. धाप लागली, घोटे दुखले, करवंदीच्या काट्यानं धोतर फाटलं. वर पोचल्यावर शिवानीनं त्यांच्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि म्हणाली, "हे धरून हुबं ऱ्हावा." अप्पा उभे राहिले. लोखंडी खुंट्या ठोकून, सुतळी ताणून तिनं चौकोन पाडले. जळक्या बुंध्यांतून सीताफळीला फुटवे आले होते, पळसाला, धावड्याला आले होते. शिवानी एकेकापाशी बसून उंची सांगायची, बुडापाशी जाडी मोजायची, पत्र्याची नंबराची चकती तारेनं अडकवायची. अप्पांना सुरुवातीला कंटाळा आला. सबंध दुपार झाडांची हजेरी घ्यायची, आणि खायचं काय तर डब्यातली थंड भाकर.

मग एक दिवस ते पाऊल टाकणार तोच बुटाखाली काहीतरी हिरवं दिसलं. पाय तसाच अधांतरी धरून त्यांनी हाक मारली, "शिवे, हे काय हाय बघ गं." शिवानी गुडघ्यावर बसली. बोटानं बुडापाशीची माती बाजूला करून बघितली.

"अप्पा, धावडा हाय हा. बियापासून आलेला." तिच्या आवाजात असा आनंद त्यांनी दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता. "ह्याचं बी सहसा रुजत न्हाई. फुटवे लई दिसतात, पण असं रोप कमी."

त्या रोपाला एक्केचाळीस नंबरची चकती लागली. पुढं शोधल्यावर त्याच चौकोनात आणि शेजारच्या चौकोनांतही तशी आणखी रोपं निघाली. पण एक्केचाळीस नंबर अप्पांनी शोधलेला होता. थंडीत मोजायला गेले तेव्हा त्याची पानं तांबडी झालेली. अप्पा त्याच्यापाशी जरा जास्तच रेंगाळले. उतरताना शिवानी म्हणाली, "आता उन्हाळा ह्यांना काय करतो ते बघायचं. टिकणं अवघड हाय." एवढं बोलून ती दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला गेली.

अप्पा गादीवर बसले, पण आता चैन पडेना. चैत्रात डांबर पाघळायला लागलं तशी त्यांना त्या रोपाची आठवण येऊ लागली. एका सकाळी उठून वर गेले. एक्केचाळीस नंबरनं मान टाकली होती. पिशवीत प्यायची बाटली होती. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि निम्मं पाणी त्याच्या बुडात ओतलं.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या घेतल्या.

घरी सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून जातो. गंगासागरला इतका आनंद झाला की तिनं शेजारपाजारी सांगितलं. वैशाखभर अप्पा उजाडता उजाडता डोंगर चढत राहिले. साखर उतरली, सदरा ढिला झाला. रोप हिरवंगार राहिलं.

उन्हाळ्याच्या शेवटी शिवानी आली. चौकोनामागून चौकोन धावड्याची रोपं वाळून काडी झालेली, काहींची तर काडीही उरली नव्हती. ती वहीत "वाळलं, वाळलं" असं टिपत होती. मग एक्केचाळीस नंबरपाशी पोचली आणि तिथंच बसली. सहा नवी पानं होती त्याला. तिनं फोटो काढले, डोंगराच्या माथ्यावर रेंज येते तिथवर जाऊन मॅडमना फोन लावला. परत आली ती जवळजवळ पळतच.

"मॅडम म्हणतात, ह्याच्याखाली खडकात कुठंतरी ओल असणार. असं असलं तर लई मोठी गोष्ट हाय, अप्पा. सबंध एक प्रकरण लिहिता येईल. उद्या बाजूला खड्डा घेऊन माती बघायची."

अप्पांनी पिशवीतली बाटली आणखी आत सारली. संध्याकाळी दुकानात त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा कुणी तेल मागायला आलं, एकदा शिवानीच म्हणाली, "अप्पा, तुमीच शोधलेलं रोप हाय ते. नाव घालीन मी तुमचं." मग काय सांगणार?

सकाळी ती टिकाव घेऊन अप्पांबरोबर वर आली. रोपापासून हातभर अंतरावर खूण केली आणि टिकाव उचलला.

"खांदू नको," अप्पा म्हणाले.

"कावून?"

"मुळी तुटंल त्याची."

"मग ओल कशी कळायची?"

"त्यात कळायचं काय हाय," अप्पा खाली बघत म्हणाले. "मी पाणी घालतो त्याला. रोज."

शिवानीनं टिकाव हळूच खाली ठेवला. वाऱ्यानं सुतळी तेवढी हलत होती.

"कधीपासून?"

"चैत्रापासून."

"अप्पा, मी झाडं जगवायला येत न्हाई हितं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानंच अप्पांना जास्त लागलं. "ती आपली आपण जगतात का, ते बघायला येते. तुमी पाणी घातलं म्हणल्यावर हे रोप मला काय सांगणार?"

"ते मरायलं हुतं, शिवे."

"मरू द्यायचं हुतं."

"नुसतं बघत बसायचं?"

"हो. बघत बसायचं. तेच काम हाय माझं. तुमाला काय वाटतं, मला बरं वाटतं 'वाळलं, वाळलं' लिहिताना?" मग ती जरा थांबली. "आन् वाळलं म्हंजे मेलंच असं कुठं हाय? पुस्तकात म्हणतात, वरून वाळतं आन् पावसात बुडातून परत येतं. ह्या जळक्या जमिनीत येतं का, तेच तर मला बघायचं हुतं."

 शिवानीनं चकती काढली. शेजारच्या रोपांवरही पाणी गेलं होतं का, विचारलं. थोडं सांडलं असेल, अप्पा म्हणाले. तिनं त्या चौकोनाच्या सगळ्या खुंट्या उपटल्या. पुढं मॅडमशी फोनवर बोलली तेव्हा झालं ते सरळ सांगितलं, बापाचं नाव न लपवता. तो चौकोन अभ्यासातून गेला.

"उद्या तुमी येऊ नका," ती घरी आल्यावर म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेली.

गंगासागर तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी गुडघ्यांना तेल चोळत नवऱ्याला म्हणाली, "तुमीच जावा बाबा. ती टेप धरू धरू माझा हात गेला. आन् पोरगी दिवसभर बोलत न्हाई काई. परवा मात्र म्हणली, अप्पा टेप न हलवता धरतेत."

अप्पा गेले. वाटेत शिवानीनं त्यांच्या पिशवीकडं नजर टाकली. त्यांनी न विचारता पिशवी उघडून दाखवली. एकच बाटली होती, तीही अर्धी. ती हसली नाही, पण टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. राहिलेले चौकोन दोघांनी मिळून संपवले. वाळलेलं रोप आलं की अप्पा खाली वाकून बघायचे आणि स्वतःच म्हणायचे, "वाळलं." 

नंतर पाऊस झाला, बरा झाला. पाऊस सरल्यावर दोघं वर गेले तेव्हा गवत मांडीइतकं वाढलं होतं आणि खुंट्या हातानं चाचपून शोधाव्या लागत होत्या. शिवानीनं एका वाळक्या काडीभोवतीचं गवत बाजूला केलं. काडीच्या बुडातून तांबूस कोवळा कोंब वर आला होता.

"अप्पा, हिकडं या."

अप्पा पोट सांभाळत बसले. पुढची काडी बघितली. तिथं काही नव्हतं. तिच्या पुढचीला दोन कोंब होते. सगळी आली नव्हती, निम्मीही आली नव्हती, पण ज्यांना त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाळलं म्हटलं होतं त्यांतली बरीच मातीतून उठून उभी होती.

"म्हंजे माझंबी आलं असतं," अप्पा म्हणाले.

"आलं असतं की नसतं, सांगता येत न्हाई. ते आता कधीच कळायचं न्हाई."

"हां." त्यांनी कोंबाभोवतीचं ओलं गवत आणखी थोडं बाजूला केलं. मग म्हणाले, "लई दिवस पाणी वाहिलं मी."

"तुमची साखर उतरली की," शिवानी म्हणाली.

त्यावर मात्र दोघंही हसले. एक्केचाळीस नंबर, आता बिननंबराचं, उतरणीवर चार हातांवर होतं. इतर रोपांहून ते थोडं उंच होतं, बाकी काही वेगळं नव्हतं. अप्पांनी एकदा तिकडं बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. शिवानी पुढच्या खुंटीपाशी पोचली होती. तिनं टेप ओढली, अप्पांनी आपलं टोक घट्ट धरलं.