शब्दाला लागलेला एस

कॉलेजच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं रद्दीत काढायची होती. मी ग्रंथपाल, मदतीला इतिहास शिकवणाऱ्या वरठा मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकाच इंग्रजी विश्वकोशाच्या तीन आवृत्त्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि तिन्हींत एकच शब्द काढला, सिव्हिलायझेशन.

सगळ्यात जुन्या आवृत्तीत माणसांची शिडीच होती. वर युरोप, तळाला रानटी लोक, आणि त्यांत वारल्यांचंही नाव. मॅडम स्वतः वारली. मी ओशाळलो, पण त्या पुढे वाचत राहिल्या. दुसरी आवृत्ती महायुद्धांनंतरची. तिच्यात लेखकाचा तोरा उतरला होता. यंत्रं वाढली म्हणजे माणूस सुधारला का, असं तो स्वतःलाच विचारत होता.

तिसरी उघडली आणि मॅडम जवळजवळ ओरडल्याच, "सर, हे बघा! शब्दाला एस लागलाय!"

खरंच की! सिव्हिलायझेशन्स. अनेकवचन! म्हणजे आता एकच शिडी नव्हती, प्रत्येक समाजाची आपापली संस्कृती होती. एवढ्या ठामपणे छापलेलं जग एका अक्षराने बदललं होतं. म्हणजे आज आपण जे ठामपणे छापतो आहोत, तेही उद्या बदलेल की!

"मग ही जुनी रद्दीत टाकू?" मी विचारलं.

"छे हो!" त्यांनी ती छातीशी धरली. "सोमवारी वर्गात आधी हीच वाचणार. आपल्याला कुठं बसवलं होतं, हे कळल्याशिवाय पोरांना त्या एसचा आनंद कसा होणार?"