ग्लासगोकरांचं शेवटचं गाणं

ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या पोंगलनंतरच्या रविवारी सकाळी आमचे मद्रासचे घरमालक एक रेकॉर्ड प्लेअर जुन्या धोतरात गुंडाळून गुम्मिडिपूंडीच्या गाडीत बसले. एका इंग्रजी रॉक अल्बममधल्या शेवटच्या गाण्याबद्दल त्यांनी काही वर्षांपूर्वी दिलेलं मत चुकीचं होतं, आणि हे ते आपल्या साडूंना समक्ष सांगणार होते. साक्षीला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं.

रॉक संगीताबद्दल इतकी पक्की मतं इतक्या कमी आवाजात बाळगणारा दुसरा माणूस त्या शहरात नव्हता. मी तेव्हा तिथल्या एका इंग्रजी दैनिकात बातम्या तपासायचं काम करत होतो आणि विधान करताना हात राखून करायची मला सवय आहे. तरी हे विधान मी मागे घेत नाही. ते तंजावरी मराठी. पश्चिम मांबलममध्ये त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि त्यांची बायको, वर भाड्याने मी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. ते मला पुणेकर म्हणत. मी सोलापूरचा आहे हे मी दोन-तीनदा सांगून पाहिलं. ‘तिकडचेच कीं,’ एवढं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

मामांची नोकरी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात. कारखान्यात तयार झालेला दांडा बरोबर मापाचा आहे की नाही हे ज्या गेजने पाहतात, ते गेजच झिजलं आहे का, हे तपासायचं त्यांचं काम होतं. मापाचं माप घेणारा माणूस. ही दृष्टी घेऊनच ते संगीत ऐकत. माउंट रोडच्या मागच्या बोळात एक दुकानदार परदेशी रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेट भरून देई. कॅसेटच्या एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. मामा महिन्याला एक कॅसेट आणत, आठवडाभर ऐकत, आणि रविवारी इडल्या झाल्या की ओट्यावर बसून निकाल देत. निकाल तीनच होते: पास, रीवर्क, रिजेक्ट. ‘दुसरें गाणें पास. तिसरें रीवर्क, मधला भाग खरवडून काढला पाहिजे. चौथ्यांत गिटारवाला मापाबाहेर जातो, पण परत येतो, म्हणून सोडलें.’ फारच आवडलेल्या अल्बमला ते तमिळमध्ये ‘परवाइल्लै’ म्हणत, म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. यापुढची स्तुती त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही. मामींच्या सांबारालाही नाही.

गाणाऱ्या मंडळींची नावं ते कधी घेत नसत. दक्षिणेत गवई गावाच्या नावाने ओळखला जातो, तीच शिस्त मामांनी इंग्लंड-अमेरिकेला लावली होती आणि वर मराठी प्रत्यय जोडला होता. बर्मिंगहॅमकर, मँचेस्टरकर, शिकागोकर. ‘बर्मिंगहॅमकरांस यंदा घसा नाहीं,’ असं ते इतक्या काळजीने म्हणत की तो मनुष्य समोरच्या गल्लीत तापाने पडलेला आहे असं वाटावं. शब्दांकडे ते लक्षच देत नसत. इंग्रजी त्यांना उत्तम येई. पण ‘शब्द कळले कीं मत बिघडतें’ असं त्यांचं म्हणणं होतं. आवाजाबद्दलही त्यांचा नियम पक्का होता: ‘आवाज वाढवला कीं खोट झांकते.’ त्यामुळे ज्या संगीताने परदेशात खिडक्यांची तावदानं हादरतात असं मी वाचलं होतं, ते आमच्या घरी शेजाऱ्याच्या रेडिओवरच्या बाजारभावांसारखं ऐकू येई. चार माणसं माना पुढे करून, श्वास रोखून रॉक ऐकताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

मद्रासच्या मैफलीत एक रिवाज आहे. मृदंगवाल्याचा एकट्याचा भाग सुरू झाला की निम्मा श्रोतृवर्ग उठतो आणि कँटीनमध्ये कॉफीला जातो. मामांना याचा मनस्वी राग. आपल्या घरी त्यांनी उलटा कायदा केला. ड्रमवाल्याचा एकल भाग येण्याआधी कॅसेट थांबवायची, कॉफी प्यायची, पेले आत पाठवायचे, आणि मग मांडीवर ताल धरून तो भाग पूर्ण ऐकायचा. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर एकदा त्या भागात नकळत उठले. ‘बसा,’ मामा म्हणाले. ‘तो मनुष्य घाम गाळतोय तिकडे.’ पोस्टमास्तर म्हणाले, ‘त्याला काय दिसतंय मी उठलो ते?’ मामा म्हणाले, ‘मजला दिसतें कीं.’ पोस्टमास्तर बसले. मामी स्वतः मुलींना कर्नाटक संगीत शिकवत. या सगळ्याकडे त्या मोलकरणीच्या नवऱ्याच्या भांडणाकडे पाहावं तशा पाहत: आपल्याला कळतं, पण आपण मध्ये पडायचं नाही.

मामींच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे मामांचे साडू. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ते पत्रा ठोकायच्या प्रेसवर फोरमन होते. रॉक ऐकणारे नातेवाईक अख्ख्या तंजावरी मराठी गोतावळ्यात हे दोघेच, त्यामुळे त्यांचं गूळपीठ होतं. साडूंकडे एकच रेकॉर्ड होती, ग्लासगोच्या मंडळींची, बोटीवर काम करणाऱ्या मित्राने आणलेली. तोच अल्बम मामांनी बोळातल्या दुकानातून कॅसेटवर भरून आणला. मग कुंभकोणमच्या एका लग्नात दोघे पंगतीत शेजारी बसले. तिथे काय झालं हे मला तीन-चार जणांकडून कळलं, आणि सगळ्यांचं सांगणं जुळतं.

मामा म्हणाले, ‘शेवटचें गाणें ऐकलांत कीं? परवाइल्लै! गाडी गांठायला निघालेला माणूस चालतो, तसें चालतें.’

साडू रसमभात कालवत म्हणाले, ‘गाडी गांठायला? गाडी चुकून घरीं परत येणारा माणूस आहे तो. पाय ओढतोय.’

‘पाय कुठें ओढतोय? तुम्ही नीट ऐकलां नाहींत.’

‘रोज ऐकतों. मजला काय गाणें समजत नाहीं?’

‘दिवसभर त्या प्रेसच्या धडधडींत बसतां. कान उरलेत कुठें तुम्हांस?’

साडूंनी पानावर पाणी फिरवलं आणि शेवटचा दहीभात यायच्या आधी ते पंगतीतून उठले. ज्यांना त्या बाजूचं जेवण ठाऊक आहे त्यांना हे किती मोठं झालं ते सांगायला नको. त्यानंतर कार्यात दोघांची पानं मांडवाच्या दोन टोकांना मांडली जात. बहिणी एकमेकींकडे जात-येत. साडू-साडू एकमेकांच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. एकानेही दुसऱ्याच्या घरी जाऊन ते गाणं ऐकून पाहिलं नाही.

त्या पोंगलला मामींची थोरली बहीण, अक्का, आली होती. जाताना तिने सांगितलं की यजमानांचा डावा कान गेलाच आहे, आणि उजवाही फार दिवस पुरणार नाही असं डॉक्टर म्हणतात. रेकॉर्ड प्लेअर बंद पडलाय, तो दुरुस्तही करत नाहीत, म्हणतात, कुणासाठी? मामा हे ओट्यावर बसून ऐकत होते. त्या संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली नाही.

त्याच आठवड्यात बोळातलं दुकान बंद झालं. मामांनी दुकानदाराचा रेकॉर्ड प्लेअर विकत घेतला. ज्या यंत्रातून आपली सगळी मतं निघाली ते भंगारात जाऊ नये, एवढाच हेतू. दुकानदाराने वर ग्लासगोकरांची झिजलेली रेकॉर्ड दिली. घरी आणून मामांनी ती ट्यूबलाइटखाली लावली आणि आठ-दहा सेकंदांत हाक मारली, ‘पुणेकर, खालीं या.’ मी गेलो. फिरत्या तबकडीच्या कडेला बारीक ठिपक्यांची ओळ होती. वेग बरोबर असेल तर ट्यूबच्या उजेडात हे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. ते पुढे पुढे सरकत होते. बाजूला वेगाचं बटण होतं आणि ते पार टोकाला नेऊन वर चिकटपट्टी लावलेली होती. अल्बम कॅसेटच्या एका बाजूत हमखास मावावा म्हणून दुकानदार सगळ्या रेकॉर्ड जरा पळवत असे. मामांनी इतक्या वर्षांत ऐकलेला प्रत्येक बर्मिंगहॅमकर आणि प्रत्येक शिकागोकर घाईत होता, आणि एक सूर चढा होता.

मामांनी चिकटपट्टी नखाने काढली. बटण मागे आणलं. ठिपके मंद झाले, थांबले. शेवटचं गाणं खाली उतरलं आणि पाय ओढू लागलं.

मामी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. ‘हें अक्काच्या घरचें,’ त्या म्हणाल्या.

‘तुजला ठाऊक होतें?’

‘तिच्याकडे असेंच वाजायचें कीं. खालच्या पट्टींत, सावकाश.’

‘मग मजला सांगितलें कां नाहींस?’

‘मजला वाटलें, त्यांचें पाठांतर वेगळें, तुमचें वेगळें.’

दक्षिणेत एकच कृती दोन गुरूंच्या घरी दोन तऱ्हांनी गातात, आणि दोन्ही बरोबर असतात. त्याला पाठांतर म्हणतात. मामींनी रॉकलाही तो मान दिला होता. मामांनी यंत्र बंद केलं. मग त्यांनी मला विचारलं, ‘पेपरांत चूक छापली तर काय करतां?’

‘दुरुस्ती देतो. जिथे चूक छापली त्याच जागी. थोडक्यात, आणि कारणं न देता.’

‘त्याच जागीं,’ मामा म्हणाले. ‘म्हणजे जेवतांना.’

गुम्मिडिपूंडीला अक्कांनी दार उघडलं, मामांकडे पाहिलं, धोतराच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन पानं जास्त मांडली. साडू आले. दोघे शेजारी बसले. रसम वाढून झालं. मग मामा म्हणाले, ‘ग्लासगोकरांच्या शेवटच्या गाण्याबद्दल मी बोललों तें चूक. तुमचें बरोबर.’

‘काय?’ साडू म्हणाले.

मामांनी पुन्हा सांगितलं.

‘काय म्हणतां?’

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता तो ओरडला, ‘माझें चूक! तुमचें बरोबर!’ परसातल्या भिंतीवरचा कावळा उडाला. शेजारच्या घरातून एक बाई डोकावली.

‘कळलें. ओरडतां कशाला?’ साडू म्हणाले.

अक्का वाढता वाढता म्हणाल्या, ‘दुसऱ्या खेपेसच ऐकूं आलें होतें त्यांस.’

साडूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. ‘गाण्याचें झालें,’ ते म्हणाले. ‘आणि कानांचें बोलला होतां, तें?’

मामा म्हणाले, ‘तें बोलायला नको होतें.’

‘तेव्हां चूकच होतें तें. आतां बरोबर झालें.’ असं म्हणून साडूंनी अक्कांना खूण केली. दहीभात आला. दोघांनी तो खाल्ला.

जेवणानंतर मामांनी गाठोडं सोडलं. भर दुपारी ट्यूबलाइट लावायला सांगितली, साडूंची रेकॉर्ड तबकडीवर ठेवली, ठिपके स्थिर केले. साडू उजवा कान स्पीकरला लावून बसले आणि मान हलवून ‘नाही’ म्हणाले. मामांनी आवाजाच्या बटणाला हात घातला आणि ते शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची काच वाजत होती. रेकॉर्ड संपेपर्यंत मामांनी एकाही गाण्याचा निकाल दिला नाही. यंत्र त्यांनी तिथेच ठेवलं.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा गुम्मिडिपूंडीला जाऊ लागले. जुन्या कॅसेट त्यांनी टाकल्या नाहीत. ओट्यावर त्या अजून लागत, फक्त निकालापूर्वी ते सांगत, ‘हें दुकानदाराचें पाठांतर.’ वर्षा-दोन वर्षांनी साडूंचा उजवा कानही गेला. मामांचा रविवार चुकला नाही.

माझी मुंबईला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. दुपारची वेळ होती, ट्यूबलाइट लावलेली होती. ग्लासगोकरांची दुसरी बाजू चालू होती. ड्रमवाल्याच्या भागाआधी अक्का कॉफीचे पेले आत घेऊन गेल्या. दोघे साडू मांडीला मांडी लावून बसले होते आणि मामा साडूंच्या गुडघ्यावर हाताने ताल देत होते. शेवटचं गाणं सुरू झालं. काही आवर्तनं गेल्यावर साडू मोठ्याने म्हणाले, ‘घाई होतेय तुमची.’

मामांनी तबकडीच्या कडेकडे पाहिलं. ठिपके उभे होते. त्यांनी हात किंचित सावकाश केला.