पाटातून समुद्राकडे

तमाम खानदेशवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या मुलखाला समुद्र नाही ही उणीव गेल्या उन्हाळ्यात कायमची दूर होणार होती. त्या कामी एक शिडाची होडी, एक पांढरी पँट आणि माझे साडू एवढी सामग्री सज्ज होती. नागरिकांनी शांतता राखावी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली, निवृत्त झाल्यावर धुळ्यात घर बांधलं. निवृत्त माणसानं भाजी आणावी, ती चुकीची आणावी आणि त्याबद्दल बोलणी खावीत. यांनी मोबाइलवर परदेशातल्या एका जोडप्याचे व्हिडिओ बघितले. ते जोडपं होडीची डोलकाठी आडवी करतं, देशाच्या पोटातल्या कालव्यांतून आठवडेच्या आठवडे पुढे जातं आणि समुद्र आला की काठी उभी करून शीड सोडतं. साडूंनी हे इतक्या वेळा पाहिलं की एक दिवस त्यांना शोध लागला, कालवा तर आपल्याकडेही आहे. तो शोध त्यांनी मला फोनवर, आवाज खाली आणून सांगितला. दुसऱ्या कोणी आधी जाऊन येऊ नये ही काळजी.

होडी धुळ्यातल्या एका सुतारानं केली. त्यानं तोवर फक्त दिवाण आणि कपाटं केली होती. बारा फूट लांब, चार फूट रुंद. तिच्याकडे बघितलं की गादी टाकून पडावंसं वाटे. शीड मंडपवाल्याच्या कनातीचं होतं, पांढरं, कडेला लाल झालर. ते उभं केलं तर आत कोणाचं तरी लग्न चाललंय असाच समज व्हावा.

मार्ग कागदावर पक्का होता. धरणाचा मोठा पाट, त्यातून फुटणारा लहान पाट, तो नरडाण्याच्या अलीकडे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या शेताशी संपतो. तिथं उरलेलं पाणी नकाशाप्रमाणे नाल्यात पडतं, नाला तापीला मिळतो आणि तापी सुरतेपुढे समुद्राला. मध्ये उकाईचं धरण आहे, ते कसं ओलांडणार, असं मी विचारलं. "ट्रॉली," साडू म्हणाले आणि माझी कीव केल्यासारखं हसले. कोणतं धरण, कोणता पाट ते मी इथं सांगत नाही. तिथल्या लोकांना माझं घर माहीत आहे.

नकाशात एक गोष्ट नव्हती. ती खानदेशातल्या शेळीलाही ठाऊक आहे. पाटाचं पाणी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पोचत नाही. वरचे लोक काठावरून जाडजूड रबरी पाइप पाटात सोडून ठेवतात, गोण्या टाकून पाणी अडवतात आणि खालच्यांनी विचारलं तर धरणातच पाणी कमी आहे म्हणून सांगतात. अक्काच्या शेताला पाटाचं पाणी आलं होतं तेव्हा तिचा नातू रांगत होता. तो आता मोटारसायकल मागतो. तिची साठ लिंबाची झाडं आहेत. त्या वर्षी विहीर होळीलाच आटली. उन्हाळ्याची शेवटची पाळी, म्हणजे पाणी सोडायची शेवटची फेरी, कोरडी गेली तर झाडं तोडायची असं तिनं ठरवलं होतं. तोडणाऱ्या माणसालाही सांगून ठेवलं होतं. जुनं कपाट काढून टाकायचंय, अशा आवाजात ती हे सांगायची.

साडूंचा बेत ऐकून सगळं गोत हसलं. अक्का हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की बोट खरंच शेवटपर्यंत येईल का. एक तरी माणूस गुणग्राहक निघाला म्हणून साडू भरून पावले. मी मनात म्हटलं, अक्का बिचारी आता म्हातारी झाली.

मग परवानगी. टेलला पाणी द्या असे अक्काचे अर्ज पाटबंधाऱ्याच्या त्या ऑफिसात वर्षानुवर्षं पडून होते. दरवेळी शिक्का मिळायचा, चहा मिळायचा, पाणी नाही. साडूंचा अर्ज गेला आणि आठवड्यात उत्तर आलं. साहेबांना त्यात जलपर्यटन दिसलं. होडीला अडथळा होईल असे पाइप व बांध पाटात असू नयेत, असं पत्र त्यांनी गावोगाव धाडलं. साठ झाडं मरत होती तेव्हा ह्या ऑफिसात सगळे डुलक्या घेत होते. एक दिवाण पाण्यावर तरंगणार आहे एवढं कळताच सगळे खडबडून जागे झाले. ह्या लोकांच्या अकलेला मी तिथल्या तिथे हात जोडले.

पत्रानं अर्थात काही झालं नाही. पत्रानं खानदेशात कोणी पाइप काढलेला नाही. होडी दिसल्यावर मात्र चमत्कार झाला.

शेवटच्या पाळीचं पाणी सुटलं त्या सकाळी नारळ फुटला. साडू पुढे उभे, पांढरी पँट, डोक्यावर नातवाची क्रिकेटची टोपी. मी मागे बांबू घेऊन. शीड गुंडाळलेलं, काठी आडवी. प्रत्येक मोरीखाली आम्ही दोघं आडवे व्हायचो आणि पलीकडे पुन्हा उभे राहायचो, तेव्हा काठावरची माणसं टाळ्या वाजवायची. एकानं साडूंना हात करून विचारलं, "भाऊ, हाई समुद्र कोणता वावरमा शे?" साडूंनी त्याला नकाशा दाखवला. तो बराच वेळ नकाशा बघत राहिला आणि मग त्यानं नकाशासकट साडूंचा फोटो काढला.

पहिल्या गावाशी पाटावर पाइपांचं जाळं होतं. ज्यांचे होते त्यांनीच ते भराभर ओढून काढले. कोणी सांगितलं नाही, कोणी धमकावलं नाही. होडी अडकली तर फोटो कसा येणार, एवढीच चिंता. दुसऱ्या गावात एक वजनदार आबा होते. त्यांच्या गोण्यांच्या बांधापायी अक्का तीनदा त्यांच्या ओट्यावर जाऊन आली होती आणि तीनदा त्यांनी तिला देवाधर्माचं सांगून परत पाठवलं होतं. ते आबा स्वतः धोतर खोचून पाण्यात उतरले, गोण्या बाजूला लोटल्या आणि ओल्या अंगानं होडीत बसून पुढच्या गावापर्यंत हात हलवत आले. माणसाची लाज कुठे असते कोण जाणे, पण फोटोची हौस मात्र बरोबर चेहऱ्यावर असते.

अक्काचा फोन तासातासाला. कुठवर आलात, पाणी किती आहे. मला वाटलं, बहिणीची माया. मी म्हटलं, साडूंना घाई झालीय, आम्ही आता वल्हवतो. तर ती म्हणाली, "हळू या. घाई काय शे? आणि बोट माघारी बी येणार शे, हाई बठ्ठास्ले सांग."

बोट माघारी कशाला येईल, ती तर समुद्राला चाललीय. पण थोरल्या बहिणीशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही. मी प्रत्येक गावात ओरडून सांगत गेलो, की उद्या-परवा बोट याच वाटेनं परत येईल, तेव्हा शीड उभं असेल. लोक खूश. मागे वळून बघितलं तर ओढलेले पाइप काठावर तसेच पडलेले, कोणी पुन्हा पाण्यात टाकेना. ते बघूनही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. साडूंच्या बुद्धीची टिंगल करणारा मी त्यांच्याच होडीत मागच्या बाजूला बसलो होतो, हे नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी लहान पाटाला लागलो. तिथं दरवाज्यावरून होडी वीस जणांनी उचलून पलीकडे ठेवली. पाट अरुंद होत चालला. चार फुटांच्या होडीला बाजूचं गवत घासू लागलं. गंमत म्हणजे पुढे पाट कोरडा असायचा आणि आमच्या पुढे जेमतेम हातभर पाणी, पालापाचोळा ढकलत, चाललेलं असायचं. आम्ही थांबलो की ते तेवढं पुढे जाऊन आमच्या येण्याची वाट बघतंय असं वाटे. साडूंना हे भरतीचं लक्षण वाटलं.

दुपारी होडी थांबली, ती पुन्हा हललीच नाही. दोन्ही बाजूंनी बांधात घट्ट बसली. पाट संपला होता. नकाशातल्या नाल्याच्या जागी कोणीतरी केव्हाच माती भरून कपाशीचं वावर केलेलं होतं. तिथं नाला होता असं म्हटलं तर कपाशीसुद्धा हसली असती.

साडू टोपी काढून उभे राहिले. त्यांची नजर क्षितिजावर. क्षितिजावर नरडाण्याच्या कारखान्याची चिमणी. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांना बोलावं असं माझ्याही मनात आलं नाही, आणि माझ्या मनात सहसा सगळंच येतं.

होडीनं पाटाचं तोंड बंद केल्यामुळे पाणी डावीकडच्या दारातून वळलं होतं. तिकडे अक्का, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फावडं. लिंबांची आळी तिनं आधीच उकरून, एकाला एक जोडून तयार ठेवली होती. पाणी पहिल्या आळ्यात उतरलं, फुगलं, दुसऱ्यात गेलं. माती हिसहिसत होती. अक्काला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. ती पाण्याच्या पुढे पुढे चालत होती, झाडाच्या बुंध्याशी माती ओढत होती आणि प्रत्येक झाडाशी क्षणभर थांबत होती. तेव्हा कुठे मला गावागावात मी काय ओरडत आलो होतो ते ऐकू आलं.

साडू चिखलात उतरले. पांढरी पँट कामातून गेली. ते शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी अक्काला विचारलं, की आता पुढे कसं जायचं. अक्का वाकली होती, ती सरळ झाली. आधी तिनं भिजलेल्या झाडांकडे पाहिलं, मग बांधात रुतलेल्या दिवाणाकडे, मग साडूंकडे. घाम पुसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"पुढली पाळीले आगबोट घिसन या, भाऊ."