उर्वीच्या टेबलापाशी

तांदळाच्या पिठाची पावलं फाटकापासून ओसरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. उंबऱ्यापासून देवघरापर्यंतची अजून काढायची होती. उर्वी वाटी पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. बोटांवरचं पीठ वाळून तडकलं तरी तिला कळलं नाही.

"अगं, महालक्ष्म्या काय ओसरीवरूनच परत जाणारेत?" आतून कुसुमआत्या ओरडली. ही उर्वीच्या वडिलांची धाकटी बहीण. सणाला धारहून देवासला आली होती, आणि जाताना भाचीला बरोबर न्यायचं ठरवूनच आली होती.

धारच्या कॉलेजात उर्वीला बी.एड.ची सीट मिळाली होती. आजोबा शिक्षक, वडील नीलकंठराव शिक्षक, आत्याही शिक्षिकाच. राहायला आत्याचं घर. सीट घेतो की सोडतो, ते आज सहाच्या आत कळवायचं होतं. "देवी एकदा आत आल्या की मोबाईलवर हो भरून टाकू," असं नीलकंठराव सकाळीच म्हणाले होते. उर्वीने मान हलवली होती.

एकवीस वर्षांत तिने नाही असं कुणाला म्हटलं नव्हतं. लहानपणी बाबा म्हणतील ते बरोबर, काम सोपं होतं. पुढे कॉलेजात एक मैत्रीण म्हणायची, देव आहे. दुसरी म्हणायची, सब ढोंग है यार. उर्वीला दोघी पटायच्या. जिच्याशेजारी बसेल तिच्यासारखं बोलून यायची. आता कॉलेज संपलं, शेजार सुटला, आणि आपलं स्वतःचं काय म्हणून चाचपलं तर हाताला काही लागेना. दुःख नाही, भीती नाही. दाताला सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. सोनकच्छला तिची कॉलेजातली मैत्रीण शिखा शेतातल्या मातीचे नमुने तपासायच्या कामावर लागली होती. "तीन महीने आके देख ले, नहीं जमा तो लौट जाना," असा तिचा फोन येऊन आठवडा झाला होता. त्यालाही उत्तर गेलं नव्हतं.

उरलेली पावलं शेवटी आईने, अल्पनाने, भराभर उमटवली. मग ज्येष्ठेचा मुखवटा आईच्या हातात, कनिष्ठेचा उर्वीच्या. नीलकंठराव घंटा वाजवत पुढे. या घरची रीत अशी की देवींना सगळं घर दाखवायचं. माहेरवाशिणीने विचारायचं आणि मुखवटा धरणारीने सांगायचं.

"इथे काय आहे?" स्वयंपाकघराशी आत्याने विचारलं.

"अन्नपूर्णा आहे," आई म्हणाली.

"इथे काय आहे?"

"धनधान्य आहे," कोठीपाशीही आईच म्हणाली.

मग उर्वीचं टेबल आलं. तिथलं उत्तर ती सहा वर्षांची असल्यापासून तीच देत आली होती: विद्या आहे.

"इथे काय आहे?"

उर्वीने मुखवट्याकडे पाहिलं. माणसांना काहीही सांगता येतं, हिला नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

घंटा थांबली. "अगं, विसरलीस की काय? विद्या म्हण, विद्या," आत्या हसून कुजबुजली.

"विसरले नाही, आत्या. देवीसमोर खोटं कशाला बोलू?"

आईनेच घाईने "विद्या आहे, विद्या आहे" म्हटलं आणि दोघी देवघराकडे वळल्या. मुखवटे बसले, हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. आरतीचं ताट खाली ठेवून नीलकंठराव मोबाईल घेऊन आले.

"हो भरू ना?"

"नको, बाबा."

"मग काय करायचंय तुला?"

"ते नाही माहीत. शिखाकडे तीन महिने जाऊन बघते."

"माती चाळायला?" आत्या म्हणाली. "आणि मी तिकडे खोली झाडून ठेवली ती?"

"रागावू नका, आत्या."

"रागावत नाहीये गं बाई. पण कारण तरी सांग काही."

कारण उर्वीजवळ नव्हतं. नको म्हटल्यावर छाती हलकी होईल असं तिला वाटलं होतं, तसंही काही झालं नाही. नीलकंठरावांनी मोबाईल तिच्या हातात दिला.

"मी नाही भरणार ते. तूच भर."

तिने 'नाही'चं बटण दाबून पाहिलं. सीट सोडायला सही केलेला कागद स्कॅन करून लावावा लागत होता. पाच वाजत आले होते. आईने पिशवी पुढे केली. सहाच्या आत स्टेशन रोडच्या सायबर कॅफेवर जाऊन धारची सीट सोडायची, आणि येताना नैवेद्याला मेथीच्या दोन जुड्या आणायच्या.