मरळीची पिल्लं

बायको वारली, तेव्हा सासरवाडीची माणसं म्हणाली, "तेरावं झालं की पोरं आम्ही नेतो. बाप्याला पोरं सांभाळता येत नाहीत."

बैलांना पाणी पाजायला मी तापीकाठच्या डबक्यावर जाई. तिथं एक म्हातारा भोई मडक्यात मरळीची अंडी घेऊन बसे. नासकी पांढरी अंडी काडीनं काढी, पाणी बदली. पिल्लं निघाल्यावर त्यांना बारीक किडे चारी, आणि चावरी पिल्लं दुसऱ्या मडक्यात टाकी.

मी टोमणा मारला, "मासा खावानं सोडीसन दाईपना करस का, बाबा?"

"यास्नी माय मन्हाच जाळामा मरी गई," तो म्हणाला. "मंग यास्नं कोन करी? मी शे ना!"

तेराव्याच्या सकाळी त्यानं तांबडी पिल्लं डबक्यात सोडली आणि मिशीला पीळ देत बघत राहिला.

मी घरी येऊन पाहुण्यांना सांगितलं, "जेवा नि निंघा. पोरे मन्हाजोडेच ऱ्हातीन."