सर्वानुमते

टेलरताईंना विश्वस्त केलं तेव्हा अध्यक्षसाहेब म्हणाले होते, "पालकांचं मत मंडळात हवंच." हवं म्हणजे ते द्यायचंही, असा सरळ अर्थ ताईंनी घेतला. तिथेच घोळ झाला.

संस्था स्वमग्न माणसांसाठी होती. तळमजल्यावर एकवीस जण लांब टेबलांशी बसून पाकिटं चिकटवत, कागदी पिशव्या करत. वरच्या मजल्यावर पाच विश्वस्तांची सभा भरे. मधे सोळा पायऱ्या. सभेनंतर खाली चक्कर मारायची म्हटलं की विश्वस्तांचे गुडघे दुखायचे. चढताना मात्र कधी दुखले नाहीत.

खालच्या एकविसांत ताईंचा दादा होता. वय बेचाळीस, बोलणं मोजकं, हात इतका साफ की त्याच्या पाकिटावर डिंकाचा डाग दाखवणाऱ्याला बक्षीस लावावं. वैर फक्त कापडाशी. कॉलरचं लेबल टोचलं, जाड शिवण घासली, की तो शर्ट काढून टाके. मग समोर पाहुणे असोत की पोलीस. आईने हात टेकले तेव्हा चौदा वर्षांच्या ताई मशीनवर बसल्या आणि त्याच्यासाठी मऊ सुती शर्ट शिवायला शिकल्या, सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. त्यातूनच पुढे दुकान उभं राहिलं. गिऱ्हाइकं हसायची, "टेलरच्याच भावाचा शर्ट उलटा!" ताई म्हणायच्या, "शर्ट सुलटाच आहे. डोळे तपासून घ्या."

त्या दिवशी सभेत चौथा विषय निघाला: गणवेश. साहेबांनी टेबलावर शर्ट ठेवला. चकचकीत नायलॉनचं कापड, ताठ कॉलर, छातीवर तळहाताएवढं भरतकाम करून संस्थेचं नाव.

"संस्थेला एक ओळख हवी," साहेब म्हणाले. "एक तारखेपासून सगळ्यांना सक्ती. जो घालणार नाही त्याने तयारी होईपर्यंत घरी विश्रांती घ्यावी."

ताईंनी शर्ट उचलला, उलटा केला आणि भरतकामाच्या मागून अंगठा फिरवला. "साहेब, आत बुकरमचं अस्तर आहे. कडक. हे दिवसभर अंगाला घासणार. दादा पाच मिनिटंही घालणार नाही. आणखी सहा-सात जण तरी घालणार नाहीत. त्यांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं, ताई?" डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. ते दातांचे डॉक्टर, पण मंडळात 'वैद्यकीय तज्ज्ञ' म्हणून बसत. "हळूहळू सवय होते."

"सवय?" ताईंचा पारा चढला. "मघाशी हा पंखा टकटक करतोय म्हणून साहेबांनी सभा थांबवली, वायरमन बोलावला. वीस मिनिटं आपण जिन्यात उभे! साहेबांना नाही झाली ती सवय?"

"ती गोष्ट वेगळी," साहेब म्हणाले. "त्या आवाजाने माझं डोकं उठतं."

"हो ना! तुमचं डोकं उठलं तर पंखा दुरुस्त, आणि त्याचं अंग सोललं तर तो घरी?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहून मान हलवली. कारकुनाने सभेची वही ओढली आणि त्यावर ठप्पकन शिक्का मारला: 'सर्वानुमते मंजूर.'

"अहो, माझा विरोध आहे!"

"ताई, शिक्का हा एकच आहे," कारकून ओशाळून म्हणाला. "विरोधाचा कधी करूनच घेतला नाही."

"आपण एक कुटुंब आहोत," साहेब म्हणाले. "घरात कुणी विरोध लिहून ठेवतं का?"

"घरातल्या माणसाला तरी कुणी असं बाहेर काढतं का?"

ताईंनी पिशवीतून संस्थेची घटना काढली. विश्वस्त होताना मिळालेलं ते पुस्तक त्यांनी काजं करता करता दोनदा वाचलं होतं. बाकीच्यांच्या प्रतींच्या पानांचे कोपरेही दुमडले नसतील. "कलम अकरा. कुणाचं येणं बंद करायचं तर पाचपैकी तिघांचा होकार हवा. एकेकाचं नाव आणि उत्तर वहीत लिहायचं. भाऊ, मारा त्या शिक्क्यावर काट."

कारकुनाने काट मारली आणि पेनाचं टोपण काढलं.

"माझा होकार," साहेब गुरगुरले.

"मीही होच म्हणेन," निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "शिस्त म्हणजे शिस्त. मागून कुजबुजायची सवय नाही मला." ताईंना त्यांचा राग आला, पण निदान त्या तोंडावर तरी बोलल्या.

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "तटस्थ."

राहिले हॉटेलवाले. ते फोनमधून डोकं न काढता म्हणाले, "जे साहेबांचं ते माझं."

"भाऊ, लिहा," ताई म्हणाल्या. "'जे साहेबांचं ते माझं.' शब्दाला शब्द."

कारकून खरंच लिहू लागला.

"अहो, थांबा! तसं काय लिहिता?" हॉटेलवाले फोन टाकून उठले. "लोक वाचतील!"

"मग तुमचं स्वतःचं काय ते सांगा. माझ्या दादाला घरी बसवायचं? हो की नाही?"

हॉटेलवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग गारठलेल्या चहाकडे. "तटस्थ लिहा," ते पुटपुटले.

दोन होकार, ताईंचा एक नकार, दोन काठावर. घरी बसवायचा ठराव पडला.

जिंकल्याचं समाधान ताईंना मिळेना. उलट संताप वाढलाच. सात-आठ माणसांचा दिवस, त्यांची खुर्ची, त्यांचं काम, सगळं एका माणसाच्या फजितीच्या भीतीवर तरलं होतं. त्याला दादाचं तोंडही आठवत नसणार.

"पुढच्या सभेत मी हा विषय पुन्हा आणणार," साहेब म्हणाले. "आणि ताई, इथलं बोलणं बाहेर जाता कामा नये."

"बाहेर कशाला? खालीच सांगते." ताईंनी शर्ट घडी न घालताच काखेत मारला. "हात लावून बघू देत त्यांना. पुढच्या सभेत त्यांच्यातलाच कुणीतरी येऊन सांगेल. खुर्ची एक जास्त ठेवा."

आणि त्या जिना उतरू लागल्या.