हिरवा पडदा, हिरवा चुडा

लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीमागं बर्फाचे डोंगर लावायचं खूळ आमच्याकडे कुणी आणलं देव जाणे. दाराशी तोरणा गड उभा आहे, तो कुणाला नको! मी भोरमध्ये एका स्टुडिओत एडिटिंग करते. जोडपं हिरव्या पडद्यापुढं उभं करायचं, मग कॉम्प्युटरवरचं प्लगिन हिरवा रंग पुसतं आणि मागं हवं ते दृश्य बसवता येतं. पडदा कुठला आणि बांगडी कुठली, त्याला काय कळतंय? हिरवं दिसेल तेवढं सगळं पुसतं.

म्हणून एका लग्नाआधी स्टुडिओच्या शेठना बजावलं होतं, नवरीच्या हातात हिरवा चुडा असणार, निळा पडदा न्या. "तुमचं आपलं कायतरी," म्हणाले आणि हिरवाच नेला. वर मी जेवायला गेल्यावर स्वतःच बटण दाबलं, सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' फिरवलं आणि नमुना नवरीकडच्यांना मोबाईलवर पाठवूनही दिला. एकदा बघायचं तरी!

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून नवरीची आई आली. जिन्यातच आवाज चढलेला. "नव्या नवरीचं हात मोकळं? सासरची मान्सं काय म्हनतील?" खरंच, पोरीच्या हातांत एक बांगडी दिसत नव्हती. तिचा जीव का उडाला ते मला कळत होतं. पण मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. नवरा गेल्यापासून मी बांगड्या घालत नाही.

"आत्ता कळलं," ती म्हणाली. "असल्या हातानं केल्यावर दुसरं काय व्हनार!"

मी शेठकडं बघितलं. 'हे मी केलं' एवढंच बोलायचं होतं त्यांनी. ते राहिलं बाजूला. वर म्हणतात, "काकू, आमी दुसऱ्याकडनं करून घेतो." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. "घ्या की करून!" मी म्हणाले, पिशवी उचलली आणि घरी आले.

चार दिवसांनी शेठचाच फोन. कुणालाच जमलं नव्हतं. मी म्हणाले, येते, पण काकूंना शेजारी बसवा. बसल्या. "बटण यांनी दाबलं होतं काकू, विचारा त्यांना," मी म्हणाले. शेठ खाली बघून "व्हय" म्हणाले.

मग दिवसभर तेच. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात बांगड्यांभोवती रेघ आखून प्लगिनला सांगायचं, एवढं सोड बाबा. मान मोडून आली. संध्याकाळी नवरीचे दोन्ही हात चुड्यानं भरले तेव्हा काकूंनी डोळे पुसले.

"लई गोड दिसती माझी पोर. धाकटीचं बी तूच कर, बाई."

"करते. पण तिच्या हळदीला कॅमेरा घेऊन मी येणार. पुढं, पाटाजवळ उभी राहणार. चालेल?"

काकूंनी पदर सावरला.

"बघू की," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

बघू! दिवसभर या हातांचं काम शेजारी बसून बघितलं, आणि बघू!